परवान्याची परीक्षा : अपेक्षित आणि अनपेक्षित

माझा भाचा एका सहकारी बँकेत कारकून आहे. दोन महिन्यांपूर्वी त्याने मोटारीचा शिकाऊ परवाना काढला आणि एका संध्याकाळी तो माझ्याकडे येऊन बसला. चहा होईपर्यंत इकडचे तिकडचे बोलणे झाले, मग त्याने मुद्द्याला हात घातला. "मामा, टेस्टला नेमके काय करायला लावतात? म्हणजे तेवढेच पक्के करून ठेवतो." या प्रश्नाचा सूर मला चांगलाच परिचयाचा होता. छत्तीस वर्षे मी माध्यमिक शाळेत शिकविले, फेब्रुवारी उजाडला की "सर, यंदा काय येईल?" असे विचारणारी मुले दरवर्षी माझ्याभोवती जमत. अभ्यासक्रम कोणता, हे त्यांना ठाऊक करून घ्यावयाचे नसे. पेपरात काय येणार, तेवढेच हवे असे. बाजारात अपेक्षित प्रश्नसंच खपतात ते याच गरजेवर.

मोटार चालविण्याच्या परीक्षेचाही असा एक अलिखित अपेक्षित प्रश्नसंच गावोगाव तयार झालेला आहे आणि तो इतका लहान आहे की पोस्टकार्डावर मावावा. तो भाच्याला सांगून मोकळे होणे मला अवघड नव्हते. परंतु या परीक्षेला एक अधिकृत अभ्यासक्रमही आहे. तो नियमांच्या पुस्तकात छापलेला आहे आणि तो वाचून परीक्षेला बसलेला उमेदवार माझ्या तरी पाहण्यात नाही. मी स्वतः तो वाचला तो परवाना हाती पडल्यानंतर. तोही एका प्रसंगाने वाचावयास लावला म्हणून.

२०११ साली, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, मी मोटार शिकलो. परीक्षेच्या दिवशी सकाळी मैदानाच्या कडेला आम्ही पंधरा-वीस उमेदवार रांगेत उभे होतो. ज्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये मी शिकलो, तिचीच मोटार परीक्षेला होती. शिकविणाऱ्याच्या पायाशी जादा क्लच आणि ब्रेक असलेली ती मोटार. आणि आमचे शिक्षकही डाव्या आसनावर बसलेले. निरीक्षकसाहेब झाडाखाली कागद चाळीत उभे होते. माझी पाळी आली. मी गाडी सुरू केली, पहिला गिअर टाकला, दुसरा टाकला, शंभरएक पावले जाऊन उजवीकडे वळलो आणि परत आलो. "उतरा सर. पुढचा या." सगळा मामला दोन मिनिटांत आटोपला. मी आरशात पाहिले की नाही, हे कोणी पाहिले नाही. गाडी मागे घेता येते का, हे कोणी विचारले नाही. वळताना माझा पाय क्लचवर चुकला होता आणि तो शिक्षकांनी आपल्या पायाने सावरून घेतला होता, हे त्यांना आणि मला दोघांनाच ठाऊक. आयुष्यभर वर्गात कॉपी पकडणारा मी त्या दिवशी पेढे घेऊन घरी गेलो.

त्यानंतर सहा आठवड्यांनी, एका तालुक्याच्या गावी, स्टँडबाहेर उभ्या असलेल्या एसटीला मी उजवीकडून ओलांडीत होतो. वेग फार नव्हता. ताशी तीस-पस्तीस किलोमीटर असेल. बसच्या पुढून दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा सायकलवरून आडवा आला. मी ब्रेक दाबला, क्लच दाबावयाचा राहिला, इंजिन आचका देऊन बंद पडले आणि गाडी त्याच्या मागच्या चाकाला लागून थांबली. मुलगा पडला. कोपर खरचटले, चाक वाकले, दप्तरातील डबा उघडून पोळीभाजी रस्त्यावर सांडली. तो रडला नाही. डब्याचे झाकण शोधू लागला. माणसे जमली. "गुरुजी दिसतात, जाऊ द्या," असे कोणीसे म्हणाले, ते मला शिवीपेक्षा अधिक लागले. मुलाला डॉक्टरांकडे नेले, पोलीस ठाण्यात स्वतःहून वर्दी दिली, सायकल दुरुस्त करून दिली आणि त्याच्या घरी जाऊन त्याच्या आईसमोर उभा राहिलो. त्या माउलीने मला पाणी दिले.

त्याच आठवड्यात मी एका वकील मित्राकडून १९८९चे केंद्रीय मोटार वाहन नियम मागून आणले. त्यांतील पंधराव्या नियमात परीक्षा कशी घ्यावी, हे सांगितले आहे. पादचारी, सायकलस्वार आणि इतर वाहनांचे चालक पुढच्या क्षणी काय करतील, याचा आगाऊ अंदाज उमेदवाराला घेता येतो की नाही, याविषयी परीक्षकाची खात्री झाली पाहिजे, असे एक स्वतंत्र कलमच त्यात आहे. थांबलेल्या बसच्या आडून मूल येऊ शकते, हे ओळखणे म्हणजे त्या कलमावरील अगदी प्राथमिक प्रश्न. मला तो परीक्षेत आला नाही. तो रस्त्यावर आला आणि मी नापास झालो.

आपल्या देशात मोटारींविषयीचा पहिला अखिल भारतीय कायदा १९१४ साली झाला, त्यानंतरचा १९३९ साली. सध्याचा १९८८चा कायदा १ जुलै १९८९ पासून अमलात आहे आणि २०१९ साली त्यात मोठ्या दुरुस्त्या झाल्या. शिकाऊ परवान्याची पायरी बहुतेकांना ठाऊक असते. रस्त्यावरील चिन्हे, अपघात घडल्यास चालकाची कर्तव्ये, फाटक नसलेल्या रेल्वे-रुळांवर घ्यावयाची काळजी, गाडीत बाळगावयाची कागदपत्रे, यांवर प्रश्न असतात आणि साठ टक्के उत्तरे बरोबर आली की झाले. २०२१ पासून महाराष्ट्रात ही परीक्षा आधार क्रमांकाच्या साहाय्याने घरबसल्याही देता येते. घरी बसलेल्या उमेदवाराच्या शेजारी कोण बसले आहे, हे मात्र यंत्राला दर वेळी दिसतेच असे नाही. पण तो विषय वेगळा. शिकाऊ परवाना ६ महिने चालतो. तो हाती आल्यापासून ३० दिवस उलटल्याखेरीज प्रत्यक्ष परीक्षेला बसता येत नाही. या काळात गाडीच्या पुढे-मागे पांढऱ्या पाटीवर तांबडे 'एल' अक्षर हवे आणि शेजारी पक्का परवाना असलेला माणूस हवा. नियमाने त्या अक्षराची उंची-रुंदीसुद्धा सेंटिमीटरमध्ये ठरवून दिली आहे. बहुतेक पाट्या नियमाबरहुकूम असतात. शेजारचे आसन मात्र पुष्कळदा रिकामे दिसते.

आता परीक्षेचा दिवस. ज्या वर्गाच्या वाहनाचा परवाना हवा, त्याच वर्गाचे वाहन आणावे लागते. गिअर नसलेल्या स्कूटरवर परीक्षा देऊन गिअरच्या मोटारसायकलचा परवाना मिळत नाही. वाहनाची नोंदणी, विमा, प्रदूषण तपासणीचा दाखला हे सर्व चालू स्थितीत असावे. दुचाकी असेल तर हेल्मेट, मोटार असेल तर पट्टा. आणि तो निरीक्षकाने सांगण्यापूर्वी लावलेला. एवढे जमले की माणूस उमेदवार होतो. पुढचे त्याच्या हातापायांवर आणि, माझ्या मते त्याहून अधिक, डोळ्यांवर अवलंबून असते.

पंधराव्या नियमात वीसहून अधिक कलमे आहेत. त्यांत पहिले कलम कोणते असेल? गिअर नव्हे, स्टेअरिंग नव्हे. पहिले कलम आहे आरसा नीट लावण्याचे. नियम करणारा जो कोणी अज्ञात अधिकारी असेल, त्याला मी मनोमन नमस्कार केला. कारण चालकाचे लक्ष कोठे आहे, हे आरशावरून जितके कळते तितके दुसऱ्या कशावरूनही कळत नाही. हा आरसा या यादीत पुढेही येतो. खूण करण्यापूर्वी, वळण्यापूर्वी, ओलांडण्यापूर्वी, थांबण्यापूर्वी पाहावयाचे ते आरशातच. आपल्याकडे पुष्कळ दुचाक्यांचे आरसे हँडल रुंद दिसते म्हणून काढून ठेवलेले असतात आणि मोटारींचे बाहेरचे आरसे गर्दीत मिटवून घेतलेले असतात. परीक्षेला निघालेल्या उमेदवाराने आसनावर बसल्याबरोबर आसन पुढे-मागे करून घ्यावे, तिन्ही आरसे लावावेत, गिअर न्यूट्रलमध्ये आहे याची दांडी हलवून खात्री करावी आणि मगच किल्ली फिरवावी. याला अर्धा मिनिट लागतो. मागे रांग असली तरी हा अर्धा मिनिट आपल्या हक्काचा आहे.

गाडी जागची हलविणे हे नवशिक्याला सर्वांत भयंकर वाटते. क्लच सोडताना गाडी बंद पडली, तर आपण संपलो, अशी समजूत असते. वस्तुतः गाडी बंद पडणे हा अपराध नव्हे. बंद पडल्यावर घाबरून गिअरमध्येच पुन्हा किल्ली मारणे आणि गाडीने पुढच्या माणसाच्या अंगावर उडी घेणे, हा अपराध. बंद पडली तर ब्रेक दाबावा, न्यूट्रल करावे, पुन्हा सुरू करावी. जाणता परीक्षक चुकीपेक्षा चुकीनंतरचे वर्तन अधिक बारकाईने पाहतो. शिक्षक म्हणून मी तेच पाहत आलो.

याहून कठीण कसोटी चढाची. गाडी चढावर थांबवावयाची आणि हँडब्रेकचा, किंवा पायाच्या ब्रेकचा आणि ॲक्सिलरेटरचा, उपयोग करून मागे न घसरता पुन्हा चालू करावयाची, असे नियम सांगतो. यातील मर्म इंजिनाच्या आवाजात आहे. हँडब्रेक ओढलेला ठेवून पहिला गिअर टाकावा, थोडा ॲक्सिलरेटर द्यावा आणि क्लच सावकाश वर येऊ द्यावा. एका जागी इंजिनाचा आवाज जड होतो आणि गाडीचे नाक किंचित वर उचलल्यासारखे वाटते. त्या जागी पाय स्थिर ठेवावा आणि मग हँडब्रेक सोडावा. गाडी मागे जात नाही. हे एकदा साधले की आयुष्यभर विसरत नाही. मात्र ते सपाट मैदानावर साधत नाही. आणि आपल्याकडे शिकविण्याचे काम बहुधा मैदानावर, किंवा भल्या पहाटे रिकाम्या रस्त्यावर, चालते. सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना पसरलेल्या या राज्यात चढावर गाडी उभी करता येत नसलेला माणूस परवाना घेऊन बोर घाटात शिरतो, तेव्हा त्याच्या मागच्या ट्रकवाल्याने काय करावे?

उताराचेही तसेच. उतारावर खालचा गिअर चटकन टाकता आला पाहिजे, असे कलम आहे. जुने ट्रकचालक सांगत की घाट ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. कारण उघड आहे : खालच्या गिअरमध्ये इंजिनच चाकांना आवरून धरते आणि ब्रेकला विश्रांती मिळते. सतत दाबून धरलेला ब्रेक तापतो आणि तापलेल्या ब्रेकची पकड कमी होत जाते. तरीही चार पैशांचे पेट्रोल वाचते म्हणून गाडी न्यूट्रल करून घाट उतरणारी सुशिक्षित माणसे मी पाहिली आहेत. त्यांत एक पदार्थविज्ञानाचे प्राध्यापकही होते. अरुंद घाटात उतरणाऱ्याने थांबून चढणाऱ्याला आधी जाऊ द्यावे, हा नियमही त्यांना ठाऊक नव्हता. परीक्षेत त्यांना तो कोणी विचारलेला नसावा.

गाडी मागे घेणे, मर्यादित जागेत उजवीकडे किंवा डावीकडे मागे वळविणे आणि पुढे-मागे करीत तिचे तोंड उलट दिशेला आणणे, ही कलमे स्वतंत्र आहेत. येथे एकच सांगतो : केवळ आरशावर विसंबू नये. मान वळवून मागच्या काचेतून पाहावे, गाडी क्लचवर मुंगीच्या चालीने न्यावी आणि मनात शंका आली तर थांबून खाली उतरून पाहावे. अंगणात, वाड्याच्या बोळात, सोसायटीच्या आवारात गाडी मागे घेताना चाकाशी बसलेले मूल आरशात दिसत नाही.

दुचाकीच्या उमेदवारांची भीती एकाच आकड्यात साठलेली असते. 'आठ काढावा लागतो' हे वाक्य कॉलेजच्या मुलांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. इंग्रजी आठाच्या आकाराच्या वळणावरून, जमिनीला पाय न टेकवता, सावकाश गाडी न्यावयाची. पुष्कळांचा पाय टेकतो तो दोन कारणांनी : ते पुढच्या चाकाकडे पाहत राहतात आणि तोल जातोसे वाटले की ॲक्सिलरेटर एकदम बंद करतात. चालती दुचाकी तोल सांभाळते. थांबू लागली की पडते. नजर चाकाकडे न ठेवता जेथे पोहोचावयाचे त्या वळणाच्या टोकाकडे ठेवावी, ॲक्सिलरेटर किंचित चालू ठेवून वेग मागच्या ब्रेकने आवरावा. हातही आपोआप नजरेच्या मागे जातात. हे कौशल्य उपयोगाचे आहे, यात शंका नाही. मात्र आठ काढणे म्हणजे दुचाकी येणे, हे समीकरण फसवे आहे. मागून येणाऱ्या वाहनाकडे वळून पाहणे, वळण्यापूर्वी पुरेशी आधी खूण देणे आणि वळून झाल्यावर इंडिकेटर बंद करणे, हे आठात नाही. आणि शहरातील चौकात दुचाकीस्वाराच्या जिवाशी गाठ असते ती याचीच.

अलीकडे काही ठिकाणी परीक्षेचे पथ स्वयंचलित झाले आहेत. पुण्याच्या उमेदवारांना भोसरीच्या पथाची चांगली ओळख आहे. अशा पथावर आठाचे वळण, गाडी मागे घेण्याची जागा, चढ, सारे आखलेले असते आणि चाक कडेला लागले, गाडी चढावर मागे घसरली, की यंत्र त्याची नोंद करते. माणसाच्या जागी यंत्र आल्याने चिठ्ठीचपाटी आणि मुरवत यांना आळा बसतो, हे मान्य केलेच पाहिजे. माझी दोन मिनिटांची परीक्षा अशा पथावर दोन मिनिटांत उरकली नसती आणि कदाचित मी नापासही झालो असतो. परंतु यंत्राला जे मोजता येते तेच ते मोजते. त्या पथावर एसटी थांबत नाही, तिच्या पुढून सायकल येत नाही, डोक्यावर भारा घेतलेली बाई रस्ता ओलांडत नाही, बैल बुजत नाहीत. पोलीस किंवा सिग्नल नसलेल्या पादचारी पट्ट्यांवर चालणाऱ्याला आधी जाऊ द्यावे, हे कलम नियमात आहे. पण ज्या पथावर चालणारा माणूसच नाही, तेथे त्या कलमाची परीक्षा कशी व्हावी? केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात देशात ४,६१,३१२ रस्ते-अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली. मृतांपैकी सुमारे ४४ टक्के दुचाकीवरील होती आणि सुमारे २० टक्के पायी चालणारी. ज्यांनी कोणताही परवाना मागितला नव्हता, कोणतेही वाहन चालविले नव्हते, अशी ही पाचांतील एक माणसे. त्यांच्याविषयीची कलमे परीक्षेतून गळाली, तर बाकीची परीक्षा कितीही काटेकोर घेतली तरी ती कोणासाठी घेतली, असा प्रश्न उरतोच.

माझा एक जुना विद्यार्थी संगणकाच्या नोकरीनिमित्त इंग्लंडला गेला. पुण्याच्या रस्त्यांवर पंधरा वर्षे मोटार हाकलेला हा मनुष्य. भारतीय परवान्यावर तेथे १२ महिने गाडी चालविता येते. पुढे तेथील परीक्षा द्यावी लागते. ती सुमारे ४० मिनिटांची असते आणि वाहत्या रस्त्यावर होते. २० मीटरवरील गाडीचा क्रमांक वाचून दाखवावयाचा, मग परीक्षकाला शेजारी बसवून निघावयाचे. किरकोळ चुका पंधरापर्यंत माफ. गंभीर चूक एकही चालत नाही. हा गृहस्थ पहिल्या खेपेस नापास झाला. कारण? मार्गिका बदलण्यापूर्वी आरशात न पाहणे. त्याने मला रागारागाने कळविले, "सर, एकही गाडी मागे नव्हती." मी त्याला कळविले की, ती नव्हती हे तुला न पाहता कसे कळले? तेथे निम्म्याच्या आसपास उमेदवार नापास होतात आणि त्यात कोणाला फारशी लाज वाटत नाही.

आपल्याकडे मात्र नापास होणे हा घराण्याला डाग. या धास्तीवरच दलालांचा संसार चालतो. 'तुम्ही फक्त फोटोपुरते या, बाकी आम्ही बघतो,' असे सांगणारा मनुष्य परिवहन कार्यालयाच्या फाटकापाशी भेटला नाही, असा वाचक विरळा. आपण त्याला पैसे देतो ते परवान्यासाठी नव्हे. परीक्षा टाळण्यासाठी देतो. मुलाच्या बारावीसाठी पेपर फोडणाऱ्याला जे पालक पोलिसांत देतील, तेच पालक मुलाच्या मोटारीच्या परवान्यासाठी दलालाशी घासाघीस करतात. त्यांना मुलाचा राग येत नाही, स्वतःचा येत नाही; दलालाने दोनशे रुपये जास्त घेतले, एवढ्याचाच येतो.

ड्रायव्हिंग स्कूलविषयीही दोन शब्द लिहिणे भाग आहे. घरगुती मोटारीच्या शिक्षणाचा काळ किमान २१ दिवस आणि प्रत्यक्ष गाडी चालविण्याचे तास किमान १०, असे नियमच सांगतात. रोज अर्धा तास म्हणून पैसे घ्यावयाचे, गाडीत चार शिकाऊ कोंबावयाचे, प्रत्येकाच्या वाट्याला आठ-दहा मिनिटे आणि त्यातही पेट्रोल भरणे व पुढच्या उमेदवाराला घरून उचलणे, असा हिशेब मांडला तर दहा तास कधीच भरत नाहीत. माझे भरले नव्हते. प्रत्येक शिकाऊ उमेदवाराने एका वहीत रोजची मिनिटे लिहून ठेवावीत, असे मी सुचवीन. कारकुनी सवयीच्या माणसांना हे जड जाऊ नये. शिक्षकाच्या पायाखालच्या ब्रेकने आपल्याला आज किती वेळा वाचविले, हेही त्याच वहीत लिहावे. तो आकडा शून्यावर आला, म्हणजे परीक्षेची तारीख घ्यावी.

निरीक्षकांच्या बाजूनेही बोलले पाहिजे. सकाळच्या काही तासांत समोर लांबलचक रांग, दुपारी वाहनांच्या तपासण्या आणि कागदपत्रे. पंधराव्या नियमातील सर्व कलमे खऱ्या अर्थाने तपासावयाची, तर एका मोटार-उमेदवाराला अर्धा तास तरी हवा. मग दिवसाला किती परीक्षा होतील? आणि तारीख तीन महिन्यांनी मिळू लागली, तर आपणच वृत्तपत्रांकडे तक्रारीची पत्रे पाठवू. निरीक्षकांची संख्या वाढविणे, परीक्षेचा काही भाग खऱ्या रस्त्यावर घेणे, चढ आणि मागे घेणे यांतून कोणालाही सूट न देणे, या गोष्टी खर्चाच्या आहेत. मान्यताप्राप्त केंद्रात रीतसर शिक्षण पूर्ण करणाऱ्यास परिवहन कार्यालयातील परीक्षेतून सूट देण्याची तरतूद २०२१ साली करण्यात आली. तेथे हलक्या मोटारीसाठी २९ तासांचा अभ्यासक्रम आहे, त्यांपैकी २१ तास प्रत्यक्ष चालविण्याचे. कल्पना चांगली आहे. पण जो शिकवितो त्यानेच उत्तीर्णही करावयाचे, ही व्यवस्था किती जपून चालवावी लागते, हे शाळेत अंतर्गत गुण देणाऱ्या शिक्षकांना मी सांगावयास नको.

राहिला प्रश्न नापासांचा. कायदा त्यांच्याविषयी पुष्कळच सौम्य आहे. ७ दिवसांनी पुन्हा परीक्षेला बसता येते. तीन वेळा अपयश आले, तर ६० दिवस थांबावे लागते आणि २०१९च्या दुरुस्तीनुसार उजळणीचे शिक्षण घ्यावे लागते. बस्स, एवढेच. दहावीत नापास झालेल्या मुलाला आपण याहून कितीतरी कठोरपणे वागवितो.

हे सगळे भाच्याला सांगता सांगता चहा दोनदा झाला. त्याने वही आणली नव्हती, म्हणून माझ्याच एका जुन्या वहीच्या पाठकोऱ्या पानांवर त्याने कलमे उतरवून घेतली. पुढे गेल्या आठवड्यात त्याची परीक्षा झाली. आरसे त्याने लावले, गाडी मागेही नीट घेतली. चढावर मात्र हँडब्रेक आधी सोडला आणि गाडी हातभर मागे घसरली. निरीक्षकांनी नापास केले. दलालाला पैसे दिले असते तर हे झाले नसते, असे त्याच्या आईचे, म्हणजे माझ्या बहिणीचे, म्हणणे आहे आणि ती दोन दिवस माझ्याशी बोलत नाही. भाचा मात्र काल येऊन गेला. रविवारी पहाटे, घाटात वर्दळ सुरू होण्यापूर्वी, गावाबाहेरच्या चढावर जावयाचे ठरले आहे. पाटी त्याची, शेजारचे आसन माझे. इंजिनाचा आवाज जड झाला की हँडब्रेक सोडावयाचा, हे त्याला तोंडपाठ आहे. तो आवाज त्याने अजून ऐकलेला नाही.